एआयने दिलेली सिद्धता लीनमध्ये कशी तपासावी

भाषा-मॉडेलकडे गणिताची सिद्धता मागितली की मजकूर सफाईदार येतो, पण मधली एखादी पायरी निराधार असू शकते. म्हणून ती ‘लीन ४’ या सिद्धता तपासणाऱ्या संगणक-प्रणालीच्या भाषेत लिहून घ्यावी. लीनचा गाभा, म्हणजे कर्नल, प्रत्येक पायरी तर्काच्या नियमांवर घासून पाहतो. मात्र तो एवढंच सांगतो, की जे विधान लिहिलं ते सिद्ध झालं. ते विधान तुमच्या मनातलंच आहे का, हे त्याला कळायचा मार्ग नाही. २०२४च्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडचे प्रश्न सोडवताना गूगल डीपमाइंडच्या अल्फाप्रूफ आणि अल्फाजॉमेट्री २ या एआय प्रणालींनी मिळून ४२ पैकी २८ गुणांइतकी कामगिरी केली. तिथेही प्रश्न औपचारिक भाषेत माणसांनीच उतरवले होते. तुमचाही बहुतेक वेळ विधानावरच जायला हवा.

तेव्हा पक्ष आणि साध्य स्वतः लिहा, सिद्धतेच्या जागी ‘सॉरी’ हा ‘इथली सिद्धता बाकी आहे’ असं लीनला सांगणारा शब्द टाका आणि फाइल चालवून बघा. फक्त ‘सॉरी’चा इशारा आला, तर निदान व्याकरण बरोबर आहे.

आता खरे खड्डे. नैसर्गिक संख्यांत लीन २ − ३ चं उत्तर ० देतं. त्यामुळे ‘क − १ + १ = क’ हे साधं दिसणारं विधान क = ० असताना खोटं ठरतं. ७ / २ तिथे ३ होतात. वास्तव संख्यांतही १ / ० म्हणजे ०, आणि ऋण संख्येचं वर्गमूळही ०. वजाबाकी असेल तर पूर्णांक घ्या. भागाकार असेल तर आधी वास्तव संख्येत रूपांतर करा आणि मग भागा; क्रम उलटा झाला तर ३ चे ३.५ होत नाहीत.

त्याहून फसवी चूक म्हणजे एकमेकांशी विसंगत पक्ष. विसंगतीतून काहीही सिद्ध होतं, मॉडेलला ते चटकन सापडतं आणि सगळं हिरवं, म्हणजे बिनचूक, दिसतं. यावर उपाय एकच: सगळे पक्ष एकत्र पाळणारं एक ठोस उदाहरण लीनमध्येच सिद्ध करून ठेवा. विधान सांत किंवा पूर्णांकांचं असेल, तर मॅथलिब या लीनच्या गणित-संग्रहासोबत मिळणारी ‘प्लॉझिबल’ ही युक्ती (तयार आज्ञा) प्रतिउदाहरण शोधते. तिला काही सापडलं नाही म्हणून विधान खरं ठरत नाही, पण ढोबळ चुका इथेच पकडल्या जातात.

यानंतरच मॉडेलला बोलवा. अख्खी सिद्धता एकदम मागू नका. मधला दावा मांडणारा ‘हॅव’ हा शब्द वापरून तिचे लहान दावे पाडा, प्रत्येकाखाली ‘सॉरी’ ठेवा आणि एकेक भरून घ्या. त्रुटीचा संदेश जसाच्या तसा परत द्या. मॉडेल बऱ्याचदा जुन्या लीन ३ची ‘बिगिन–एंड’ मांडणी किंवा मॅथलिबमधून गेलेली प्रमेयांची नावं वापरतं. ‘लीन-टूलचेन’ फाइलमधली आवृत्ती आधीच सांगितली तर हा त्रास कमी होतो.

फाइल चालली, तरी काम बाकी आहे. प्रमेयाची ओळ तुमच्या मूळ ओळीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. अडलेलं मॉडेल कधी एखादा पक्ष गुपचूप वाढवतं, तर कधी व्याख्याच बदलतं. मग ‘हॅश-प्रिंट ॲक्झिअम्स’ ही आज्ञा प्रमेयाच्या नावासह द्या; सिद्धता कोणत्या गृहीतकांवर उभी आहे, याची यादी ती दाखवते. नेहमीच्या गणिताला ‘प्रॉपएक्स्ट’, ‘क्लासिकल डॉट चॉइस’ आणि ‘क्वॉट डॉट साउंड’ ही तीन गृहीतकं पुरतात. यादीत ‘सॉरीॲक्स’ असेल तर सिद्धता अपुरी आहे, मग ते भोक कुठल्याही उपप्रमेयात दडलेलं असो. ‘नेटिव्ह-डिसाइड’ ही प्रोग्रॅम चालवून निकाल काढणारी युक्ती वापरली असेल तर वेगळं गृहीतक दिसतं: तिथे विश्वास कर्नलपुरता न राहता कंपायलरवरही टाकलेला असतो. अनोळखी नावाचं गृहीतक दिसलं, तर ती सिद्धता नाकारा.

दुसऱ्याने पाठवलेली फाइल असेल, तर ‘लीन-४-चेकर’ही चालवा. तो तयार झालेल्या फायलींमधली प्रत्येक घोषणा कर्नलकडून पुन्हा तपासून घेतो, त्यामुळे फाइलमधल्या प्रोग्रॅमिंगने कर्नलला वळसा घालून काही आत सरकवलं असेल तर ते उघडं पडतं.