खिशातला डॅक घरच्या ॲम्प्लिफायरला जोडताना

फोनला लावायचा बोटाएवढा डॅक (डिजिटल गाण्याचा हेडफोन-ॲम्प्लिफायरला चालणारा सिग्नल करणारं यंत्र), दुकानात ज्याला सरळ ‘डोंगल’ म्हणतात तो, बनवलेला असतो हेडफोनसाठी. तरी त्याच्या ३.५ मिमी जॅकमधून निघणारा सिग्नल ॲम्प्लिफायरच्या ऑक्स (बाहेरचं यंत्र जोडायच्या) इनपुटला उत्तम चालतो. हा इनपुट साधारण १० ते ५० किलोओहम रोधाचा असतो, म्हणजे भार अगदी हलका; ३२ ओहमचा हेडफोन हाकणाऱ्या डोंगलला तो जाणवतसुद्धा नाही. आवाज बिघडला तर चिपला दोष देण्याआधी लेव्हल, केबल आणि अर्थिंग बघा. बहुतेक वेळा दुखणं तिथेच सापडतं.

केबल ३.५ मिमी स्टिरिओ पिन ते दोन आरसीए (ॲम्प्लिफायरच्या मागच्या लाल-पांढऱ्या गोल सॉकेटचे प्लग) अशी घ्या, लांबी एक ते दीड मीटर. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात ती तयार मिळते, आणि सोल्डरिंग येत असेल तर प्लग आणि शील्डेड वायर सुटी घेऊन घरी करता येते. पिनेवर दोन काळ्या रेघा असाव्यात, तीन नाही. सेट-टॉप बॉक्सबरोबर आलेली पिवळा-लाल-पांढरा अशी तीन टोकांची केबल अनेक घरांत ड्रॉवरमध्ये पडलेली असते, ती इथे वापरू नका. तिच्यात व्हिडिओसाठी एक जादा तार असते आणि पिनेवरची ग्राउंडची (दोन्ही चॅनेलच्या सामाईक परतीच्या तारेची) जागा सगळ्या कंपन्यांची सारखी नसते. ग्राउंड जुळला नाही की ॲम्प्लिफायरला डाव्या-उजव्या चॅनेलमधला फक्त फरक पोचतो. स्टिरिओ गाण्यात मधोमध उभा असलेला गायक गायब होतो. व्हायोलिनं आणि कोरस तेवढे लांबून, पोकळ ऐकू येतात. मोनोतलं जुनं भावगीत लावलंत तर जवळजवळ शांतताच, कारण दोन्ही चॅनेल सारखेच असतात. पिन अर्धवट बसली तरी हेच होतं, आणि फोनच्या जाड कव्हरमुळे डोंगलची यूएसबी-सी पिन पूर्ण आत जात नाही तेव्हा आवाज मधूनच तुटतो. डॅक परत करायला निघण्याआधी या दोन गोष्टी बघून घ्या.

डोंगलला ४.४ मिमीचं बॅलन्स्ड आउटपुटही असेल तर साध्या ॲम्प्लिफायरसाठी ते सोडून द्या. बॅलन्स्डमध्ये प्रत्येक चॅनेलच्या दोन्ही तारांवर सिग्नल असतो. बाजारातली काही ४.४ ते आरसीए केबल त्यातली निगेटिव्ह तार सरळ ग्राउंडला जोडते, म्हणजे डोंगलच्या आतला अर्धा ॲम्प्लिफायर शॉर्ट होतो. तो तापतो, आवाज फाटतो, कधी कायमचा जातो. ॲम्प्लिफायरला खरे एक्सएलआर (तीन पिनांचे बॅलन्स्ड) इनपुट असतील तरच ४.४ वापरा.

ॲम्प्लिफायरच्या मागे ऑक्स, सीडी, ट्यूनर किंवा टेप-इन यांपैकी काहीही चालेल. फोनो (रेकॉर्ड प्लेअरचा इनपुट) मात्र अजिबात नको. रेकॉर्डच्या सुईचा क्षीण सिग्नल तिथे साधारण १०० पट वाढवला जातो आणि खर्जही उचलला जातो. डोंगलचा सिग्नल त्यात गेला की नुसता गडगडाट होईल आणि स्पीकर धोक्यात येतील. जुन्या घरांत अजून डिन सॉकेटवाले (गोल, अनेक पिनांच्या जुन्या सॉकेटचे) ॲम्प्लिफायर आहेत, आणि ते फेकण्यासारखे नाहीत. पाच पिनांच्या डिनमध्ये ३ नंबर डावा, ५ नंबर उजवा आणि २ नंबर ग्राउंड. नंबर ओळीने नसतात, कमानीवरून जाताना १, ४, २, ५, ३ असे येतात. प्लगच्या आत कोरलेले आकडे वाचूनच सोल्डर करा. टेपच्या सॉकेटला १ आणि ४ हे रेकॉर्डिंगसाठीचे आउटपुट असतात, त्यांना हात लावू नका.

आता लेव्हल. सीडी प्लेअर साधारण २ व्होल्ट देतो. अनेक डोंगल साध्या जॅकवर पूर्ण आवाजाला १ ते २ व्होल्ट देतात, बॅलन्स्डवर ४ पर्यंत जातात. आपला किती देतो हे मल्टिमीटरने मोजता येतं: आरसीए टोकं ॲम्प्लिफायरमधून काढा, फोनवर पूर्ण पातळीचा १०० हर्ट्झचा टेस्ट टोन लावा, मीटर एसी व्होल्टवर ठेवून आरसीएच्या मधल्या पिनेवर एक आणि बाहेरच्या कड्यावर दुसरी प्रोब टेकवा. १०० हर्ट्झच घ्या, कारण स्वस्त मीटर उंच स्वरांना चुकीचं वाचतात. १ व्होल्ट आला तर तो सीडीपेक्षा ६ डेसिबल हळू वाजेल. यात काही बिघडलेलं नाही, पण दोघांची तुलना करताना आधी आवाज सारखा करा, नाहीतर मोठा वाजणाराच चांगला वाटतो.

सर्वसाधारण सल्ला असतो की फोनचा आवाज पूर्ण ठेवा आणि ॲम्प्लिफायरच्या नॉबने कमी-जास्त करा. तो बरोबर आहे, पण मुंबईतल्या दहा बाय बाराच्या खोलीत त्याला एक मर्यादा येते. २ व्होल्ट आत आले की नॉब (घड्याळाच्या तासकाट्यासारखा धरला तर) आठवर नेता नेता खोली भरते, आणि नॉबच्या अगदी सुरुवातीच्या भागात बऱ्याच ॲम्प्लिफायरांचे डावे-उजवे चॅनेल नीट जुळत नाहीत. गायिका एका बाजूला सरकल्यासारखी वाटते. अशा वेळी डोंगलला लो गेन (आउटपुट कमी ठेवायची सोय) असेल तर तो लावा. नसेल तर फोनचाच आवाज ६ ते १० डेसिबल खाली आणा, म्हणजे नॉब नऊ-दहापर्यंत येईल. फोनमध्ये आवाज असा उतरवला की दर ६ डेसिबलला डिजिटल अचूकतेचा एक बिट जातो. डॅक २४ बिटवर चालत असेल तर १६ बिटच्या गाण्यासाठी एवढी मोकळीक भरपूर आहे. पॉवर्ड (आतच ॲम्प्लिफायर असलेले) स्पीकर लावणाऱ्यांनी उलट वागावं: पहिल्यांदा फोनचा आवाज अगदी कमी ठेवून सुरुवात करा.

जोडण्याचा क्रम पाळा. ॲम्प्लिफायरचा नॉब शून्यावर, मग डोंगल फोनला, मग केबल डोंगलला, आणि शेवटी नॉब हळूहळू वर. काढताना उलट. चालू ॲम्प्लिफायरवर पिन ओढली की येणारा ‘धप्प’ ट्वीटरसाठी (उंच स्वरांच्या छोट्या स्पीकरसाठी) वाईट. फोनवर डू नॉट डिस्टर्ब लावून ठेवा. पूर्ण लेव्हलवर मेसेजची टिंग स्पीकरमधून येते तेव्हा शेजारीसुद्धा दचकतात.

डोंगल लावूनही गाणं फोनच्याच स्पीकरवर वाजत राहिलं तर सेटिंग्जमध्ये ‘ओटीजी’ (फोनला बाहेरचं यूएसबी यंत्र जोडायची सोय) शोधा. काही फोनांत ते हाताने चालू करावं लागतं आणि काही मिनिटं वापरलं नाही की आपोआप बंद होतं. मधे वेगळी सी-केबल जोडली असेल तर ती डेटाची आहे ना, तेही बघा; नुसत्या चार्जिंगच्या केबलने डॅक दिसणारच नाही. अँड्रॉइड बहुधा सगळं ४८ किलोहर्ट्झच्या सॅम्पल रेटला (सेकंदाला ४८ हजार नमुने) बदलून पाठवतो, तर सीडीतून उतरवलेली गाणी ४४.१ ची असतात. हे टाळायचं असेल तर यूएसबी ऑडिओ प्लेअर प्रोसारखं, स्वतःच्या ड्रायव्हरने डॅकशी बोलणारं ॲप वापरा. ॲपलचा सी ते ३.५ मिमीचा छोटा अडॅप्टर अनेक अँड्रॉइड फोनांवर फार हळू वाजतो. तिथेही अशाच ॲपने हार्डवेअरचा आवाज पूर्ण वर नेता येतो. विंडोज १० मध्ये २०१७ च्या अपडेटपासून अशा डॅकना वेगळा ड्रायव्हर सहसा लागत नाही.

राहिली गुणगुण, म्हणजे सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट. फोन बॅटरीवर असताना शांत आणि चार्जर लावताच घुंऽऽ असं सुरू झालं, तर दोष डॅकचा नाही. दोन पिनांच्या चार्जरमधून किंचित गळती सिग्नलच्या ग्राउंडवर येते. फोनच्या धातूच्या कडेवरून बोट फिरवताना हलक्या मुंग्या येतात ती हीच. तीन पिनांच्या लॅपटॉप चार्जरबरोबर ग्राउंड लूप होतो, म्हणजे यंत्रं दोन वाटांनी अर्थला जोडली जातात आणि त्या वेढ्यातून गुणगुण येते. आधी ॲम्प्लिफायर आणि चार्जर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा. मग टीव्हीची केबलवाल्याची कोॲक्सिअल तार काढून बघा. टीव्ही त्याच ॲम्प्लिफायरला जोडलेला असेल तर गुणगुण बरेचदा तिथूनच येते. तरीही गेली नाही तर यूएसबी आयसोलेटर (ग्राउंडचा संबंध तोडून फक्त डेटा पुढे जाऊ देणारा), आणि अगदी शेवटी आरसीएमधला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, कारण स्वस्तातला असला की तो खालचा खर्ज खातो.

गुणगुण जाते म्हणून अर्थची पिन काढू नका. जुन्या चाळींत आणि इमारतींत सॉकेट तीन भोकांचा असतो, पण अर्थची तार कुठेच गेलेली नसते. वायरमनकडून फेज ते अर्थ मोजून घ्या: फेज-न्यूट्रलइतकेच, म्हणजे २३० च्या आसपास व्होल्ट यायला हवेत, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये अगदी थोडे. तसं नसेल तर हाय-फायच्या आधी घराचं अर्थिंग करून घ्यायला हवं.

डोंगल फोनला लोंबकळत ठेवू नका. आरसीए केबलच्या वजनाने आधी सी-पोर्ट सैल होतो, मग आवाज मधूनमधून तुटतो. डोंगल शेल्फवर सपाट ठेवून केबलला टायने आधार द्या आणि मधे सी-केबल लावून फोन हातभर दूर ठेवा. पावसाळ्यात, त्यातही समुद्राजवळच्या घरांत, पिना काळवंडतात आणि एक चॅनेल खरखरतो. वापर नसताना डोंगल सिलिका जेलच्या पुडीबरोबर डबीत ठेवा. खरखर आलीच तर पिन आणि आरसीए आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसा, जॅकमध्ये पिन चार-पाच वेळा आत-बाहेर करा, आणि पाच मिनिटं वाळल्यावरच चालू करा.