शिलाई मशीन आणि दुखरा खांदा

वीस वर्षं ब्लाउज शिवतेय. गेल्या पावसाळ्यात उजवा हात फळीवरच्या डब्यापर्यंत जाईना. फिजिओथेरपिस्टनी खांद्याआधी माझी बैठकच बघितली. पोक काढून बसलं की खांद्याचं पातं पुढे कलतं. मग हात उचलताना वरच्या हाडाखालची जागा अरुंद होऊन तिथले स्नायूबंध चिमटतात.

आधी स्टूल उंच करा, कोपर मशीनच्या फळीच्या उंचीला यायला हवं. मी गोधडीची चौघडी घातली. दिवा सुईजवळ आणा, नाहीतर मान पुढे जातेच जाते. बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी रीळ) संपली की उठाच.

मग दोन्ही पाती मागे-खाली ओढून 5 सेकंद धरा, 10 वेळा. खांदे कानाकडे चढू देऊ नका, बायका हमखास तिथेच चुकतात. मला फरक पडायला दीड महिना लागला. हात बधिर होत असेल किंवा दुखण्याने रात्री झोप मोडत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.