लिनक्सवाला हँडहेल्ड नीट चार्ज होत नाही? बॅटरी बदलण्याआधी हे बघा

स्टीम डेकसारखं हातात मावणारं, लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारं गेमचं यंत्र (हँडहेल्ड) चार्ज होईनासं झालं की पहिला संशय बॅटरीवर जातो. पण लिनक्सची एक सोय अशी की बॅटरीचं सगळं प्रगतिपुस्तक यंत्रातच उघडं ठेवलेलं असतं. ते आधी वाचा, स्क्रूड्रायव्हर नंतर हातात घ्या.

१. यंत्र काय सांगतंय ते वाचा

चार्जर लावा, डेस्कटॉप मोडमध्ये (कॉम्प्युटरसारख्या स्क्रीनवर) जा आणि फाइल मॅनेजरमध्ये रूट, म्हणजे सगळ्यात वरचं फोल्डर उघडा. तिथून ‘सिस’, मग ‘क्लास’, मग ‘पॉवर सप्लाय’ असं आत शिरा. ‘बॅट’ आणि पुढे ० किंवा १ असं नाव असलेलं फोल्डर दिसेल. त्यातल्या फाइली नुसत्या उघडून वाचायच्या आहेत, काही बदलायचं नाही.

‘स्टेटस’ या फाइलमध्ये ‘चार्जिंग’ असेल तर ठीक. चार्जर लावलेला असूनही ‘डिस्चार्जिंग’ असेल तर चार्जर जेवढं देतोय त्यापेक्षा यंत्र जास्त खातंय, किंवा चार्जर ओळखलाच गेलेला नाही. ‘नॉट चार्जिंग’ दिसलं तर घाबरू नका. चार्जर पोचलाय, पण यंत्र मुद्दाम चार्ज करत नाहीये, आणि त्याची कारणं बहुतेक वेळा दोनच असतात: ठरवून दिलेली मर्यादा किंवा उष्णता.

आता ‘चार्ज फुल’ आणि ‘चार्ज फुल डिझाइन’ हे आकडे घ्या. काही यंत्रांत ‘चार्ज’ऐवजी ‘एनर्जी’ असतं, हिशोब तोच. पहिल्याला दुसऱ्याने भागा. ४१००००० भागिले ५०००००० म्हणजे ८२ टक्के, म्हणजे बॅटरी थोडी वापरलेली पण धडधाकट. हा आकडा साठच्या खाली गेला असेल तरच बॅटरी बदलण्याचा विचार करावा, असं माझं मत.

२. चार्जर आणि केबल

माझ्या मते खरी गोम बहुतेक वेळा इथेच असते. घरात ६७ वॅटचा मोबाइल चार्जर आहे, मग हँडहेल्डला ४५ वॅट का मिळू नयेत? कारण तो मोठा आकडा अनेकदा त्या कंपनीच्या स्वतःच्या फोनपुरताच असतो. चार्जर उलटा करा आणि बारीक अक्षरांतली ‘आउटपुट’ची ओळ वाचा. गरज पडली तर मोबाइलने फोटो काढून मोठी करून बघा. स्टीम डेकच्या मूळ चार्जरवर १५ व्होल्ट, ३ अँपिअर असं लिहिलेलं असतं, त्याचे ४५ वॅट. तुमच्या चार्जरवर ‘पीडी’च्या (पॉवर डिलिव्हरी, टाइप सीवरून जास्त वॅट देण्याची सगळ्या कंपन्यांची सामाईक पद्धत) पुढे ही जोडी नसेल तर वरचा आकडा कितीही मोठा असो, ४५ वॅट मिळतीलच असं नाही.

केबल दोन्ही टोकांना टाइप सी हवी. एका टोकाला जुना चौकोनी यूएसबी असेल तर पीडी चालतच नाही. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत गेलात तर ‘फास्ट चार्जिंगची केबल द्या’ असं म्हणू नका, त्या नावाखाली काहीही मिळतं. ‘सी टू सी, पीडी, ६० वॅट’ एवढं सांगा.

केबल बदलून खरंच फरक पडला का, हेही मोजता येतं. गेम बंद करा. ‘करंट नाऊ’ आणि ‘व्होल्टेज नाऊ’ या फाइलींतले आकडे दहा लाखांनी भागले की अँपिअर आणि व्होल्ट मिळतात. दोघांचा गुणाकार म्हणजे बॅटरीत जाणारे वॅट. २ अँपिअर आणि ७.८ व्होल्ट म्हणजे १५.६ वॅट. ही तुलना बॅटरी अर्ध्याच्या खाली असताना करा, कारण भरत आल्यावर प्रवाह आपोआप कमी होतो.

३. ऊन

लिथियम आयन बॅटरी साधारण ४५ अंशांपर्यंतच चार्ज करायची असते. त्यापुढे यंत्र चार्जिंग मंद करतं किंवा थांबवतं. एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, आणि उन्हात लावलेल्या गाडीच्या डिकीत त्याहून जास्त. तिथून काढलेलं यंत्र लगेच चार्जिंगला लावू नका. कव्हर काढून पंख्याखाली ठेवा. फ्रीजमध्ये नको, आत दव धरतं.

४. मर्यादा

कायम चार्जरवर राहणाऱ्या यंत्राला ८० टक्क्यांची मर्यादा लावणं चांगलं, पण ती कुणी लावलीय हे विसरलं की ‘ऐंशीच्या पुढे जातच नाही’ ही तक्रार सुरू होते. सेकंडहँड घेतलेल्या यंत्रात तर हे आधी तपासा. स्टीमओएस या स्टीम डेकच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ३.७ आवृत्तीपासून ही सोय सेटिंग्जमधल्या पॉवर या भागातच आहे. तिथे वेगळं सॉफ्टवेअर घालण्याच्या भानगडीत पडू नका. सिस्टिमचा भाग रीड ओन्ली (फक्त वाचता येणारा) असतो, आणि केलेली खटपट पुढच्या अपडेटला पुसली जाते.

इतर लिनक्सवर त्याच बॅटरीच्या फोल्डरमध्ये ‘चार्ज कंट्रोल एंड थ्रेशोल्ड’ ही फाइल आहे का बघा. नसेल तर ड्रायव्हर ती सोय देत नाही, विषय संपला. असेल तर टीएलपी हे बॅटरी सांभाळणारं सॉफ्टवेअर टाका. त्याच्या कॉन्फिग (सेटिंग्जच्या) फाइलमध्ये ‘स्टॉप चार्ज थ्रेश’ची ओळ आधीच लिहिलेली असते. ओळीच्या सुरुवातीचं हॅश (#) चिन्ह काढा, ८० ठेवा, टीएलपी पुन्हा सुरू करा. जवळच ‘स्टार्ट’ची ओळही असते. तिथे ७५ असेल तर ७८ टक्क्यांवर चार्जर लावूनही चार्जिंग सुरू होणार नाही, तो बिघाड नव्हे.

टक्के अचानक ३० वरून ५ वर उडी मारत असतील तर मर्यादा तात्पुरती काढा, १०० पर्यंत भरा, यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत वापरा, आणि मधे न थांबवता पुन्हा पूर्ण भरा. मोजणारी चिप त्याने ताळ्यावर येते. हे वरचेवर करू नका, बॅटरी झिजते.

मागची बाजू फुगलेली दिसली तर वरचं काहीच करू नका. चार्जर काढा, यंत्र बंद करा, दाबू किंवा टोचू नका. ती बॅटरी घंटागाडीत टाकायची नाही, ई-कचरा घेणाऱ्यांकडे वेगळी सांगून द्या.