पत्र्यावर घासणारी फांदी

वारा सुटला की फांदी पत्र्यावर घासायची, रात्रभर कर्रकर्र. मागे अशीच एक मी घाईत एका कापात तोडली होती. ती अर्ध्यातच मोडली आणि खोडाची हातभर साल सोलून घेऊन गेली. तो व्रण अजून उघडाच आहे.

या वेळी तीन काप घेतले. पहिला खोडापासून फूटभरावर, खालून, पाव जाडीपर्यंत. दुसरा त्याच्या दोन इंच पुढे, वरून. फांदी कट्कन पडली, साल जागेवर. उरला खुंट. फांदी खोडाला मिळते तिथे सुजल्यासारखी कडी दिसते. तिच्या लगेच बाहेर करवत चालवली. कडीच कापली तर जखम नीट भरत नाही, खुंट ठेवला तर कुजतो. वर डांबर-रंग काही फासलं नाही, झाड कडेने स्वतःच जखम झाकत आणतं.

शेजारी म्हणाले, ‘शेंडाच उडवा की!’ नको म्हटलं. तिथून फुटणारे धुमारे भराभर वाढतात, पण जोड कच्चा.

विजेच्या तारेजवळच्या फांदीला मात्र हात लावला नाही. वीज कंपनीला कळवलं. त्यांनी पुरवठा बंद करून ती काढली.