श्रेयनामावली शेवटच्या रात्री करू नका: लघुपटाच्या शेवटच्या पाट्यांतल्या नेहमीच्या चुका

चित्रीकरणाला चार दिवस, संकलनाला दोन महिने आणि शेवटच्या श्रेयनामावलीला एक रात्र. सोलापुरात बनणाऱ्या लघुपटांत हा हिशेब इतक्या वेळा दिसतो की पडदा काळा झाला की पुढचं आधीच कळतं. अक्षरं थरथरणार, जोडाक्षरं फुटणार आणि गाणं संपून गेल्यावरही 'विशेष आभार' निःशब्द वर सरकत राहणार.

ही नावं कोणाची असतात ते आधी आठवा. कोणी दोन रात्री आपला कारखाना चित्रीकरणाला मोकळा करून दिलेला असतो. कोणी तीस माणसांची कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिलेली असते. कोणी दिवसाची मजुरी बुडवून गर्दीत उभं राहिलेलं असतं. मोबदला म्हणून यातल्या बहुतेकांना एक ओळ मिळते. ती वाचता आलीच पाहिजे. बाकीची कलाकुसर त्यानंतर.

गाण्याच्या लांबीवर रोल ताणणं

ही सगळ्यात मोठी चूक आहे आणि जवळजवळ प्रत्येक नवा संकलक ती करतो. प्रीमिअर या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकुराला 'रोल' लावला, म्हणजे तो खालून वर सरकता केला, की वेग क्लिपच्या लांबीवरून ठरतो. मग नवखा माणूस काय करतो? क्लिपचं टोक धरतो, गाणं संपतं तिथपर्यंत ओढतो आणि काम झालं म्हणतो.

यंत्रमागावरच्या एका लघुपटाचं उदाहरण घ्या. गाणं २ मिनिटं ४० सेकंदांचं, नावांची पट्टी ७,००० पिक्सेल उंच, पडदा १,०८० पिक्सेलचा. म्हणजे पट्टीला एकूण ८,०८० पिक्सेल सरकायचं होतं. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर १६० सेकंदांच्या ३,८४० फ्रेम होतात. भागाकार आला २.१०४. पिक्सेलचा दहावा भाग पडद्यावर दाखवता येत नाही. त्यामुळे पट्टी बहुतेक फ्रेमना २ पिक्सेल सरकायची आणि साधारण दर दहाव्या फ्रेमला ३. म्हणजे सेकंदाला अडीच झटके. लॅपटॉपवर कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण छोट्या पडद्यावर पिक्सेल बारीक असतो. शिवाय बहुतेक लॅपटॉपचा पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो. २४ फ्रेम ६० मध्ये बसवताना तो स्वतःच थोडा अडखळतो, त्यात हा दोष लपून जातो. सभागृहातल्या २० फुटी पडद्यावर एक पिक्सेल तीन मिलिमीटरचा झाला आणि सगळी नावं अंगात हीव भरल्यासारखी कापू लागली. कारखान्याचे मालक घरच्या सगळ्यांना घेऊन आले होते. शेवटी त्यांनी दिग्दर्शकाला एवढंच विचारलं, "आमचं नाव आलं का ओ? डोळ्याला लागेना."

त्यानंतर लघुपट बनवणाऱ्या मुलांनी मोशन ब्लर, म्हणजे हालचालीचा पुसटपणा, लावला आणि गोष्ट आणखी बिघडली. झटके होते तिथेच राहिले, अक्षरं मात्र पुसट झाली.

हा त्रास देवनागरीला रोमनपेक्षा जास्त होतो आणि त्याचं कारण शिरोरेषा. रोमन अक्षरांतल्या आडव्या रेघा तुटक आणि वेगवेगळ्या उंचीवर असतात. आपल्या नावावर डावीकडून उजवीकडे एक सलग आडवी रेघ असते. सॉफ्टवेअरने अपूर्णांक तसाच ठेवून ती अर्धवट पिक्सेलवर मांडायचा प्रयत्न केला की ती रेघ दोन ओळींत वाटली जाते, फिकी आणि जाड दिसते. पुढच्या फ्रेमला पुन्हा बारीक आणि ठळक. म्हणून पूर्ण नाव लुकलुकल्यासारखं वाटतं. शिरोरेषा निदान ३ ते ४ पिक्सेल जाड राहील असा मध्यम वजनाचा, म्हणजे जाडीचा, टंक घ्या. 'लाइट' वजन नाजूक आणि देखणं दिसतं म्हणून घेऊ नका.

इलाज साध्या अंकगणिताचा आहे. एका फ्रेमला पट्टी पूर्ण अंकातच सरकली पाहिजे: २, ३ किंवा फार तर ४ पिक्सेल. २४ फ्रेमच्या हिशेबात २ पिक्सेलने सरकणारी ओळ पडद्यावर साडेबावीस सेकंद राहते, ३ पिक्सेलने १५ सेकंद आणि ४ पिक्सेलने सव्वाअकरा सेकंद. ४ च्या वर गेलात की डोळ्याला ठोके जाणवतात. आमचं मत विचाराल तर देवनागरीला ३ उत्तम. लघुपटाची यादी छोटी असेल तर २.

वरच्या उदाहरणात २ चा वेग ठरवला की ३,८४० फ्रेममध्ये ७,६८० पिक्सेल सरकतात. त्यातून पडद्याचे १,०८० वजा केले की पट्टीची उंची येते ६,६००. म्हणजे ७,००० मधून ४०० पिक्सेल मोकळी जागा विभागाविभागांतून काढायची. हे अर्ध्या तासाचं काम आहे. जागा काढायची नसेल तर ८,०८० ला ४,०४० फ्रेम, म्हणजे सुमारे १६८ सेकंद लागतील. मग गाण्याला आठ सेकंदांचं शेपूट जोडा: मागाचा आवाज, रस्त्याचा आवाज, जे चित्रपटात असेल ते. पट्टी एका उंच पीएनजी चित्रात बनवा आणि उभ्या स्थानाला दोनच कीफ्रेम द्या, म्हणजे सुरुवातीची आणि शेवटची जागा ठरवणाऱ्या खुणा. ६,६०० च्या पट्टीचा अँकर, म्हणजे जागा मोजण्याचा बिंदू, मध्यभागी असेल तर सुरुवात ४,३८० वर आणि शेवट उणे ३,३०० वर, मधे बरोबर ३,८४० फ्रेम. कीफ्रेम लिनिअरच, म्हणजे एकसारख्या वेगाच्याच, ठेवा. 'ईझ', म्हणजे हळूहळू वाढणारा-कमी होणारा वेग, लावलं की सुरुवातीला आणि शेवटी वेग पुन्हा अपूर्णांकात जातो.

एवढं करूनही दोन ठिकाणी घात होतो. पहिलं, रोल २५ फ्रेमचा बनवायचा आणि डीसीपी, म्हणजे चित्रपटगृहात दाखवायची डिजिटल प्रत, २४ चा. अशा वेळी सेकंदाला एक फ्रेम गळते आणि सेकंदाला एक झटका बसतो. दुसरं, १,९२० रुंदीची पट्टी २,०४८ च्या स्कोप, म्हणजे जास्त रुंद आकाराच्या, पडद्यासाठी मोठी करायची. २ चे लगेच २.१३ होतात. स्कोपची उंची ८५८ आहे. त्या मापात पट्टी नव्याने मांडा आणि भागाकारही नव्याने करा.

नावं फुटणं आणि चुकणं

आफ्टर इफेक्ट्स किंवा प्रीमिअरमध्ये मराठी टाकल्यावर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली किंवा जोडाक्षराचा पाय मोडून उघडा दिसला, तर दोष टंकाचा नसतो. प्रेफरन्सेसमध्ये जा. आफ्टर इफेक्ट्समध्ये 'टाइप' आणि प्रीमिअरमध्ये 'ग्राफिक्स' या विभागात मजकुराचं इंजिन 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' करा. मग नवा मजकूर-थर घेऊन पाटी पुन्हा टाइप करा. फोटोशॉपमध्ये याला 'वर्ल्ड-रेडी लेआउट' म्हणतात. 'र्मि', 'क्ष्मी', 'द्ध', 'श्री' आणि 'ऱ्हा' ही पाच अक्षरं आधी टाकून बघायची सवय लावा. ती नीट आली की बाकीची येतात.

जुन्या श्रीलिपी टंकांतल्या याद्या युनिकोडमध्ये बदलून घेताना 'ऱ्ह' हमखास मरतो. 'कुऱ्हाडे'चं 'कुर्हाडे' होतं, रफार चढतो आणि माणसाला स्वतःचं आडनाव ओळखू येत नाही. इथे साधा 'र' नाही, नुक्त्याचा 'ऱ' लागतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून 'र'ची कळ दाबली की तो येतो.

अक्षरांमधलं अंतर, म्हणजे ट्रॅकिंग, वाढवू नका. इंग्रजी चित्रपटांच्या पाट्यांत अक्षरं ऐसपैस पसरलेली छान दिसतात, म्हणून पोरं तेच मराठीला लावतात. शिरोरेषा अक्षराअक्षराला तुटते आणि नाव दात पडल्यासारखं दिसतं. देवनागरीत ट्रॅकिंग शून्य. पद आणि नाव वेगळं दाखवायला कॅपिटल अक्षरंही आपल्याकडे नाहीत. तो फरक वजनाने किंवा रंगाने करा: पद राखाडी आणि बारीक, नाव पांढरं आणि मध्यम. ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट ठेवा, ३६ पिक्सेलच्या अक्षराला ५४. त्याहून कमी केलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर आदळतो.

हे झालं तंत्राचं. खरा गुन्हा नाव चुकीचं लिहिण्याचा आहे आणि सोलापुरात तो फार सहज होतो. एकाच चमूत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू घरांतली माणसं असतात. 'येमूल' की 'येमुल'? 'सय्यद' की 'सैयद'? रोमन लिपीतून आलेल्या नावात 'ळ' आणि 'ल' एकच दिसतात, म्हणून 'काळे' आहेत की 'काले' हे मोबाइलमधल्या नोंदीवरून ठरवता येत नाही. अंदाजाने लिहिणं हा आळस आहे. चित्रीकरणाच्या पहिल्याच सकाळी एक वही फिरवा. प्रत्येकाने आपलं नाव पाटीवर जसं हवं तसं देवनागरीत स्वतःच्या हाताने लिहायचं. वडिलांचं नाव मधे हवं की नको, 'सौ.' हवं की नको, हेही त्यांनीच ठरवायचं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या घरच्यांकडून लिहून घ्या. कांडी भरणाऱ्या बायकांना 'कामगार महिला' अशी एक मोघम ओळ देऊन मोकळं होऊ नका. आठ जणी असतील तर आठ नावं आली पाहिजेत.

यादी तयार झाली की कागदावर छापा, दोन ओळींत भरपूर जागा सोडून. एकाने वहीतून वाचायचं, दुसऱ्याने छापील कागदावर खूण करायची, आणि तेही खालून वर. वरून खाली वाचताना डोळे सवयीने पुढे पळतात. प्रदर्शनाच्या तीन दिवस आधी यादी बंद करा आणि त्यानंतरचा प्रत्येक बदल एकाच माणसाच्या हातून जाऊ द्या. रात्री दीड वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं 'अजून एक नाव राहिलं' हे तिघांनी तीन फायलींत घातलेलं असतं.

थोडक्यात निपटण्यासारखं

पदांची नावं एकाच जातीची ठेवा. 'दिग्दर्शन, संकलन, छायांकन' तरी लिहा किंवा 'दिग्दर्शक, संकलक, छायालेखक' तरी. सरमिसळ नको.

'ध्वनिमुद्रण' आणि 'निर्मितिप्रमुख' या शब्दांत समासामुळे पहिली वेलांटी येते. 'सहायक' किंवा 'साहाय्यक' लिहा, 'सहाय्यक' नाही.

'मा.', 'श्री.', 'डॉ.' लावायचे तर सगळ्यांना लावा, नाहीतर कोणालाच नको. आभारात नेत्यांची रांग वर आणि ज्याची रिक्षा चार दिवस फुकट फिरली तो खाली, हे बरं दिसत नाही.

शुभ्र पांढरं अक्षर गडद काळ्यावर डोळ्यांत खुपतं. ८५ ते ९० टक्के पांढरं पुरतं.

नावं कडेपर्यंत नेऊ नका. मधल्या ९० टक्के भागातच राहा.

हसवणाऱ्या चित्रपटानंतर फजितीचे तुकडे चालतात. मृत्यूवर संपणाऱ्या कथेनंतर कलाकार खिदळताना दाखवले तर तासाभरात कमावलेलं सगळं जातं.

लक्षात राहणारी नामावली

लक्षात राहण्यासाठी चमत्कार करावा लागतो हा गैरसमज आहे. 'वेस्ट साइड स्टोरी' (१९६१) या चित्रपटाच्या शेवटी ग्राफिक डिझायनर सॉल बास यांनी नावं भिंतींवर, दारांवर आणि पाट्यांवर खरडलेली दाखवली. कथा रस्त्यावरच्या टोळ्यांची, म्हणून अक्षरंही त्याच रस्त्यावरची. कल्पना बाहेरून आणलेली नव्हती. आपल्या जिल्ह्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळेंचा 'फँड्री' (२०१३) हा चित्रपट त्यातल्या जब्या या मुलाने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाकडे येतो तिथे संपतो आणि पडदा काळा होतो. त्या काळोखाची गरज समजून घ्या. शेवटचं दृश्य तुटल्या क्षणी पहिलं नाव आणि ढोलकी आणू नका. ४८ ते ७२ फ्रेम, म्हणजे दोन ते तीन सेकंद, काहीच दाखवू नका. उतावळ्या संकलकाला एवढा वेळ रिकामा वाटतो, प्रेक्षकाला वाटत नाही.

सोलापूरकरांना मोह होतो तो चादरीचा. नावांच्या मागे जकार्डची नक्षी लावायची कल्पना सुंदर आहे, पण लाल, काळ्या, पांढऱ्या ठळक नक्षीवर एकही नाव वाचता येत नाही. नक्षीला डाव्या कडेची अरुंद पट्टी द्या आणि नावं साध्या काळ्यावर ठेवा. पूर्ण पडदाभर हवीच असेल तर उजेड १५ ते २० टक्क्यांवर आणा आणि नक्षी स्थिर ठेवा. मागे नक्षी सरकतेय, पुढे नावं सरकताहेत, असं झालं की डोळा दोन्ही सोडून देतो.

दिवे

आपल्याकडे पहिलं नाव दिसलं की दिवे लागतात, दारं उघडतात आणि माणसं उठतात. यावर चिडून उपयोग नाही, मांडणी त्याप्रमाणे करा. मुख्य कलाकार आणि तंत्रज्ञ यांच्या आठ-दहा स्थिर पाट्या आधी, प्रत्येकी तीन सेकंद, म्हणजे पहिल्या अर्ध्या मिनिटात. सरकती यादी त्यानंतर. नामावलीनंतर एखादं दृश्य ठेवायचं असेल तर ते स्थिर पाट्या आणि सरकती यादी यांच्या मधे घाला. अगदी शेवटी ठेवलंत तर ते झाडलोट करणारा एकटाच बघेल.

डीसीपी बनवताना दोन खुणा भरून घ्या: एफएफईसी, म्हणजे शेवटच्या नामावलीची पहिली फ्रेम, आणि एफएफएमसी, म्हणजे सरकत्या नामावलीची पहिली फ्रेम. घाईत या रिकाम्या सोडल्या जातात. दिव्यांचा इशारा लावताना ऑपरेटरला त्यांचाच आधार असतो. आणि ऑपरेटरच्या हातात एक चिठ्ठीही द्या. शेवटचं दृश्य कितव्या मिनिटाला संपतं, सरकती यादी कधी सुरू होते, अर्धे दिवे कधी आणि पूर्ण दिवे कधी, असे चार आकडे मोठ्या अक्षरांत लिहा. फोनवर सांगितलेलं खेळाच्या वेळी कोणाच्या लक्षात राहत नाही. चिठ्ठी यंत्राशेजारी चिकटवलेली असते.