आधी तीन क्यूबिट, मग साखळी: मेनी-बॉडी एंटँगलमेंटकडे वळणाऱ्यांसाठी

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाची मुलं मला विचारतात, 'मेनी-बॉडी एंटँगलमेंटमध्ये काम करायचंय, सुरुवात कुठून करू?' (म्हणजे अनेक कणांची अशी क्वांटम गुंफण, की एकेकाचं वेगळं वर्णन पुरत नाही.) तोवर बहुतेकांनी टेन्सर नेटवर्कवरचे (अनेक कणांच्या स्टेट आटोपशीर लिहिण्याची पद्धत) लांबलचक लेख डाउनलोड करून ठेवलेले असतात. मी सांगतो, ते तूर्त राहू द्या. वही घ्या आणि तीन क्यूबिट (शून्य आणि एक अशा दोन पातळ्यांचे क्वांटम घटक) हाताने सोडवा. याच विषयात पीएचडी केल्यावरही माझं हेच मत आहे.

दोन कणांचं गणित वर्गात होतंच. कण तीन झाले की प्रश्नच बदलतो. एंटँगलमेंट किती, एवढं विचारून भागत नाही. कोणाकोणात आणि कोणत्या प्रकारचं, हेही बघावं लागतं. जीएचझेड स्टेट घ्या: तिन्ही शून्य आणि तिन्ही एक यांचं समसमान सुपरपोझिशन. मग डब्ल्यू स्टेट घ्या: एक क्यूबिट 'एक', उरलेले दोन शून्य, आणि अशा तिन्ही शक्यता सारख्याच वजनाच्या. आता दोन्हींत एका क्यूबिटवर पार्शल ट्रेस करा, म्हणजे तो हिशेबातून वगळा. जीएचझेडच्या उरलेल्या जोडीत एंटँगलमेंटचा मागमूस राहत नाही, फक्त साधा अभिजात सहसंबंध उरतो. डब्ल्यूच्या जोडीत मात्र कॉन्करन्स (जोडीतल्या एंटँगलमेंटचं ० ते १ मधलं माप) २/३ येतो.

इथे थांबू नका. कॉफमन, कुंडू आणि वूटर्स यांनी २००० साली मांडलेली मोनोगॅमीची असमानता (एका क्यूबिटच्या जोड्यांतल्या टँगलची बेरीज त्याच्या एकूण टँगलपेक्षा जास्त होत नाही; टँगल म्हणजे कॉन्करन्सचा वर्ग) याच दोन स्टेटवर तपासा. डब्ल्यूमध्ये पहिल्या क्यूबिटचा उरलेल्या दोघांशी मिळून टँगल ८/९, आणि दोन जोड्यांचे ४/९ अधिक ४/९, म्हणजे तेवढाच. सगळा हिशेब जोड्यांतच चुकता होतो. जीएचझेडमध्ये एका बाजूला १, दुसऱ्या बाजूला शून्य अधिक शून्य. तो १ कुठल्याच जोडीत सापडत नाही, तो तिघांचा मिळून आहे. हे स्वतःच्या अक्षरात वहीवर उतरलेलं पाहिलं की 'मल्टिपार्टाइट' म्हणजे काय ते कायमचं डोक्यात बसतं. त्याच वर्षी ड्यूर, विदाल आणि सिराक यांनी दाखवलं की स्थानिक क्रिया आणि फोनाफोनीच्या जोरावर या दोन स्टेटपैकी एकातून दुसरी मिळवण्याची शक्यता शून्य आहे.

क्वांटम डिस्कॉर्डही (एंटँगलमेंट नसतानाही उरू शकणाऱ्या क्वांटम सहसंबंधाचं माप) वाचाच, पण सवडीने. सुरुवातीलाच त्यात शिरलात तर व्याख्यांच्या जंगलात हरवाल.

यानंतर ट्रान्सव्हर्स-फील्ड आयसिंग साखळी: शेजाऱ्यांशी जोडलेले स्पिन आणि त्यांच्यावर आडवं चुंबकीय फील्ड. पायथन आणि त्यातली क्यूटिप ही क्वांटम लायब्ररी पुरे. मात्र ३० स्पिनची एक स्टेट साठवायलाच १०७ कोटींहून अधिक कॉम्प्लेक्स संख्या, म्हणजे सुमारे १६ जीबी मेमरी लागते. म्हणून १०-१२ स्पिनवर काम शिका. क्रांतिक बिंदूवर (फील्डच्या ज्या मूल्याला साखळीची अवस्थाच बदलते तिथे) नेहमीचे सहसंबंध साखळीभर पसरतात, तरी दोन स्पिनमधला कॉन्करन्स शेजाऱ्याच्या शेजाऱ्यापलीकडे पोचत नाही. २००२ साली हा निकाल आला तेव्हा अनेकांना तो विचित्र वाटला असेल. तीन क्यूबिट नीट केलेल्याला मात्र पुढचा प्रश्न आपोआप सुचतो: मग एंटँगलमेंट गेलं कुठे? ते सापडतं साखळीच्या अख्ख्या तुकड्याच्या एन्ट्रॉपीत, म्हणजे तो तुकडा उरलेल्या साखळीशी किती गुंतलाय त्याच्या मापात. तुकड्याच्या लांबीच्या लॉगरिदमबरोबर ती वाढत जाते.

एका खाचखळग्याची आधीच सूचना देतो. फील्ड शून्याच्या जवळ नेलं की सर्वांत खालच्या दोन ऊर्जापातळ्या जवळपास एकत्र येतात आणि संगणक त्यांचं कुठलंही मिश्रण हातात ठेवतो. एकदा एन्ट्रॉपी १ बिट येते, एकदा शून्य. प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसू नका. पॅरिटी (उलटलेल्या स्पिनची संख्या सम की विषम) ठरवून घ्या किंवा अगदी बारीक लांबवर्ती फील्ड, म्हणजे स्पिनच्या जोडणीच्या दिशेचं, जोडा.

पीएचडीच्या प्रवेशासाठी जेस्ट आणि नेट या परीक्षा आहेतच. प्रयागराजच्या हरीश-चंद्र संशोधन संस्थेत क्वांटम इन्फर्मेशनचा जुना गट आहे. आपल्याकडे पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतही या क्षेत्रात काम चालतं. २०२३ साली केंद्राने ६,००३.६५ कोटींचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं, त्यामुळे घरच्यांना समजावणं पूर्वीपेक्षा सोपं झालंय. पण गाइड निवडताना निधीपेक्षा एक गोष्ट बघा: गटातली मुलं फळ्यावर गणित करताना दिसतात का.

गाइडच्या भेटीला जाताना स्वतः काढलेला आलेख न्या. क्रांतिक बिंदूवर एन्ट्रॉपी विरुद्ध लांबीचा लॉग, पाया २. साखळीची टोकं जोडलेली असतील तर उतार १/६ च्या आसपास यायला हवा, मोकळी असतील तर त्याच्या निम्मा.