ईसीएमचे ट्यूनिंग : स्वतः कुठवर करावे, तज्ज्ञाकडे काय सोपवावे

कॅमशाफ्ट बदलला, कॉम्प्रेशन वाढवले, मोठे इंजेक्टर बसवले किंवा टर्बो जोडला, की कंपनीने ईसीएममध्ये (इंजिन चालवणाऱ्या संगणकात) भरलेले आकडे त्या इंजिनाला लागू पडत नाहीत. मग रत्नागिरी, चिपळूण किंवा कणकवलीच्या गाडीमालकापुढे प्रश्न येतो, की लॅपटॉप जोडून हे काम आपणच करावे की घाट चढून पुण्याच्या ट्यूनरकडे जावे. माझे मत असे, की हे काम दोघांत वाटून घ्यावे. जी चूक आपल्याजवळच्या उपकरणावर वेळेत दिसते, तिच्याशी संबंधित काम स्वतः करावे. जी चूक पिस्टन फुटल्यावरच कळते, ते काम डायनोवर (इंजिनाचा टॉर्क मोजणाऱ्या यंत्रावर) जाणकाराच्या हातून करून घ्यावे.

ईसीएममधली दोन कोष्टके मुख्य असतात. इंजिनाचा आरपीएम आणि मॅनिफोल्डमधला दाब यांच्या प्रत्येक जोडीला किती इंधन द्यायचे हे एक कोष्टक सांगते, आणि ठिणगी किती अंश आधी पाडायची, म्हणजे टायमिंग, हे दुसरे. इंधनाची चूक एक्झॉस्टमधला वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर लॅम्डाच्या आकड्यात (संतुलित मिश्रणाच्या तुलनेत इंधन कमी की जास्त हे सांगणाऱ्या आकड्यात) तत्काळ दाखवतो. टायमिंगचे तसे नाही. सर्वाधिक टॉर्क देणाऱ्या टायमिंगच्या आसपास टॉर्कचा आलेख जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे दोन-तीन अंश जास्त दिले गेले तरी चालकाला काही जाणवत नाही, पण सिलिंडरमधला दाब आणि उष्णता मात्र वाढत राहते. डायनोवर प्रत्येक अंशाला टॉर्क मोजता येतो आणि तो वाढायचा थांबला की ट्यूनरही थांबतो. रस्त्यावर हे माप मिळत नाही.

आकड्यांना हात लावण्याआधी गाडीची वायरिंग तपासावी, कारण खाऱ्या हवेने सडलेली अर्थिंग किनारपट्टीवर जितकी सापडते तितकी घाटमाथ्यावर सापडत नाही. इंजिन चालू ठेवून, हेडलाइट आणि रेडिएटरचा पंखा लावून, बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिन ब्लॉक यांच्यातला व्होल्टेज मल्टिमीटरने मोजावा, तो ०.१ व्होल्टच्या वर असेल तर अर्थच्या पट्ट्या उघडून, घासून, ग्रीस लावून पुन्हा बसवाव्यात. सेन्सरचे कनेक्टर हिरवे पडले असतील तर ते बदलूनच पुढे जावे, कारण चुकीच्या सिग्नलवर बेतलेला मॅप, म्हणजे ही कोष्टके, कनेक्टर दुरुस्त झाल्याच्या दिवशी चुकीचा ठरतो. वाइडबँड सेन्सर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या अलीकडे बसवावा आणि त्याच्या आधीच्या एक्झॉस्टला कुठेही गळती नसावी. गळतीतून आत आलेली हवा मिश्रण लीन (इंधन कमी) असल्याचा खोटा आकडा दाखवते.

इंधन एकाच पंपावरचे आणि ताजे असावे. शुद्ध पेट्रोलला हवा-इंधनाचे संतुलित प्रमाण १४.७ लागते, तर २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला ते साधारण १३.५ लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला वजनाने सुमारे नऊ टक्के जास्त इंधन द्यावे लागते. म्हणून गेजवर हवा-इंधनाच्या आकड्याऐवजी लॅम्डा वाचण्याची सवय लावावी. इंधन कोणतेही असले तरी संतुलित मिश्रणाचा लॅम्डा १ च असतो.

फ्लॅश करण्यापूर्वी, म्हणजे ईसीएममध्ये नवी फाइल लिहिण्यापूर्वी, मूळ फाइल वाचून दोन ठिकाणी जपून ठेवावी. फ्लॅश चालू असताना बॅटरी उतरली तर ईसीएम निकामी होऊ शकतो आणि तो उघडून बेंचवर जिवंत करण्याची वेळ येते. आपल्याकडे पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसल्यामुळे केवळ चार्जरवर विसंबू नये. दुसरी भरलेली बॅटरी समांतर जोडावी आणि लॅपटॉपही पूर्ण चार्ज केलेला असावा.

यानंतरचे काम घरी करण्यासारखे आहे, आणि त्याला घाई चालत नाही. इंजेक्टर बदललेले असतील तर त्यांचा प्रवाह आणि डेड टाइम (उघडायला लागणारा वेळ) हे दोन्ही आकडे त्याच इंजेक्टरचे भरावेत. इंजेक्टरला उघडायला साधारण एक मिलिसेकंद लागतो आणि व्होल्टेज घसरला की तो वेळ वाढतो. आयडलला पल्सच दोन-तीन मिलिसेकंदांचा असतो, त्यामुळे डेड टाइममधली लहानशी चूकही तिथे मोठी होते. पावसातल्या रात्री हेडलाइट, वायपर आणि ब्लोअर एकत्र लावल्यावर गाडी आयडलला डुलत असेल, तर इंधनाचे कोष्टक बदलण्याआधी हे आकडे तपासावेत. मी स्वतः कोष्टकातच आठवडे घालवले आणि दोष अखेर डेड टाइममध्ये निघाला. आयडल बसल्यावर कोष्टकातल्या हलक्या भाराच्या चौकटी घ्याव्यात. सपाट, मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने गाडी चालवावी, सेन्सरच्या आकड्यांचा लॉग नोंदवावा आणि घरी येऊन लॅम्डाच्या फरकाच्या प्रमाणात इंधन दुरुस्त करावे. लॅपटॉप दुसऱ्या माणसाकडे असावा. चालकाने लॅपटॉपकडे पाहूही नये.

पूर्ण थ्रॉटलचे टायमिंग आणि टर्बोचा बूस्ट (वाढीव दाब) मात्र ट्यूनरकडे सोपवावा, आणि कोकणातल्या गाडीने त्याच्याकडे जाताना एक गोष्ट आवर्जून सांगावी. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब सुमारे ९५ किलोपास्कल असतो, तर रत्नागिरीच्या किनाऱ्यावर सुमारे १०१. टर्बो नसलेल्या इंजिनात याचा अर्थ असा, की डायनोवर पूर्ण थ्रॉटल दिला तरी दाब कोष्टकातल्या १०० किलोपास्कलच्या ओळीपर्यंत पोहोचतच नाही. कुंभार्ली घाट उतरून आल्यावर गाडी नेमकी त्याच न तपासलेल्या ओळीत चालते आणि प्रत्येक फेऱ्यात सिलिंडरमध्ये पुण्यापेक्षा जास्त हवा भरते. गाडी कुठे चालणार हे ट्यूनरला आधीच सांगितले, तर तो त्या ओळीत इंधन पुरेसे ठेवतो आणि टायमिंग एक-दोन अंश मागे घेतो. साध्या स्प्रिंगच्या वेस्टगेटवर (बूस्ट मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेवर) चालणाऱ्या टर्बोलाही हेच लागू आहे, कारण त्याचा बूस्ट बाहेरच्या दाबावर चढतो. मुंबईत, समुद्रसपाटीवरच्या डायनोवर काम केले तर हा प्रश्न उरत नाही, आणि रायगड किंवा उत्तर रत्नागिरीच्या माणसाला मी तरी तोच पर्याय आधी सुचवेन.

ऋतूचाही विचार करावा. जुलैमध्ये ३० अंश तापमानाच्या ओल्या हवेत चार टक्क्यांपर्यंत पाण्याची वाफच असते. ती प्राणवायूची जागा घेते आणि नॉकिंगही (सिलिंडरमध्ये मिश्रण आपोआप पेटून होणारी ठोकही) दाबते. त्या दिवसांत शांत वाटलेले टायमिंग मार्चमध्ये, पूर्वेकडून कोरडा गरम वारा सुटलेल्या दुपारी, घाट चढताना नॉक देऊ शकते. हवेच्या तापमानानुसार टायमिंग मागे घेणारे कोष्टक नीट भरले आहे का, हे ट्यूनरला विचारावे. अंतिम फाइल लॉक न करता मिळेल का आणि डायनोवरचे लॉग हाती देणार का, हेही काम ठरवतानाच विचारून घ्यावे. लॉग द्यायला जो तयार नसेल, त्याच्याकडे गाडी देऊ नये.

डिझेल टर्बो गाडीत तर वरच्या भारातले काहीही स्वतः बदलू नये. तिथे धूर, एक्झॉस्टचे तापमान, टर्बोचा वेग आणि टॉर्कच्या मर्यादा एकमेकींत गुंतलेल्या असतात. कन्व्हर्टर किंवा ईजीआर (जळालेला वायू पुन्हा इंजिनात फिरवणारी यंत्रणा) बंद करणारी फाइल कोणी देऊ केली तर नाकारावी. नोंदणीतील तपशिलांशी विसंगत ठरणाऱ्या बदलांना मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने मनाई केली आहे, आणि बदल विमा कंपनीपासून लपवले तर अपघातानंतर दावा अडचणीत येतो.

खाली परतल्यावर पहिले काही दिवस पूर्ण थ्रॉटल टाळावा. मग ट्यूनरने ठरवून दिलेल्या इंधनावर, टाकी ताजी भरून, वर्दळ नसलेल्या चढावर वेगमर्यादेत राहून, दोन-तीन सेकंदांपुरताच भार देत १०० किलोपास्कलची ओळ टप्प्याटप्प्याने लॉग करावी. टर्बो नसलेल्या इंजिनाचा लॅम्डा तिथे ०.९ च्या वर जाऊ लागला, किंवा नॉक सेन्सर टायमिंग मागे खेचत असल्याचे लॉगमध्ये दिसले, तर तत्काळ पाय काढावा. त्या चौकटींतले टायमिंग दोन अंश कमी करून गाडी सावकाश घरी आणावी आणि पुढचा बदल करण्याआधी तो लॉग ट्यूनरला पाठवावा.